दोन मोटारी आणि एक ओटा

आबांना एकटी वस्तू दिसत नसे. डोळ्यांत काही खोट नव्हती. साठीला आले तरी रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीतला कापूस कोणत्या शिवारातला आहे हे ते ओट्यावर बसून सांगत. पण त्यांच्यापुढे एखादी चीज ठेवून "आबा, कशी आहे?" असं विचारलं, की ते तिच्याकडे न बघता तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत आणि म्हणत, "दोन दखाड, मंग बोलसू." दोन दाखव, मग बोलेन. भरिताचं वांगं असो, धोतराचं पान असो किंवा गावात नव्यानं बदलून आलेला फौजदार असो, आबांचं मत हवं असेल तर दुसरा नमुना आणावा लागे.

ही खोड धंद्यानं लावलेली होती. धरणगावातल्या, कापसातली सरकी काढायच्या एका जीनमध्ये आबांची पाती होती आणि कापसाची खरेदी सगळी त्यांच्या हाती. रुईचा एकच पुंजका बघितला तर तो कोणालाही पांढराच दिसतो. त्याच्या शेजारी दुसरा ठेवला, की पहिल्यातला पिवळेपणा उघडा पडतो. जीनच्या उत्तरेकडच्या पडवीत काळी घोंगडी अंथरलेली असे. तिच्यावर सकाळच्या उजेडात दोन पुंजके जोडीनं ठेवायचे, डोळे बारीक करायचे, मग एकेक पुंजका दोन्ही चिमटींत धरून हळूहळू ओढायचा आणि तार किती लांब निघते ते बघायचं, हा आबांचा नित्यनेम होता. देवपूजा ते त्यानंतर करत, आणि तीही थोडक्यात.

मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला गेलो, तेव्हा आबांच्या घराला लागूनच्या दोन खोल्या भाड्यानं मागायला गेलो होतो. त्यांनी मला खालवर न्याहाळलं आणि दुसरा कोणी मास्तर खोली शोधतोय का, अशी चौकशी केली. कोणी नव्हता. "मंग काय, ऱ्हा," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. मी पाच वर्षं त्यांच्याकडे राहिलो, पण मी भाडेकरू म्हणून कसा आहे याबद्दल त्यांनी कधीच मत दिलं नाही. नमुना एकच होता.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. पारावरच्या मंडळींत इंग्रजांचं राज्य बरं की आपलं, असा वाद निघाला म्हणजे कोणीतरी आबांना म्हणे, आता तर तुमच्यापुढं दोन झाली, आता बोला. आबा मान हलवत. पहिला नमुना आता हातात कुठं आहे, असं त्यांचं म्हणणं असे. आठवणीतला कापूस नेहमी जास्त पांढरा असतो. राजकारणावर याहून शहाणं वाक्य मी पुढं बऱ्याच जाड पुस्तकांतही शोधलं, सापडलं नाही.

दुसरा नमुना न बघता आबांनी आयुष्यात एकच गोष्ट घेतली होती, ती म्हणजे अक्का. लग्नाच्या वेळी वडिलांनी एकच स्थळ बघितलं आणि ठरवून टाकलं. हा अन्याय आबा विसरले नव्हते. भाजीत मीठ कमी पडलं, नातेवाइकांत कुरबुर झाली, की ते भिंतीकडे बघून म्हणत, "माले एकच दखाडी व्हती." त्यावर स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज येई, "माले त एकबी दखाडा नही. अंतरपाट सरकना तवय दखं." आबांना निदान एक तरी दाखवली होती. अक्कांना अंतरपाट सरकेपर्यंत तेवढंही मिळालं नव्हतं. हा संवाद मी आठवड्यातून दोनदा तरी भिंतीपलीकडून ऐकत असे, आणि एखाद्या आठवड्यात तो झाला नाही तर घरात कोणी आजारी आहे असं समजत असे.

आजारी अक्काच होत्या. त्यांचे गुडघे धरले होते. सपाट जमिनीवर त्या हळूहळू चालत, घरातलं सगळं करत. पण पायरी चढायची म्हटली की गुडघा वर येत नसे आणि वाकून खाली बसायचं म्हटलं की तो मोडत नसे. आबांनी त्यांना जळगावच्या एका डॉक्टरांना आणि अमळनेरच्या एका वैद्यांना दाखवलं, आणि ते दोघं एकाच वेळी घरी येतील अशी तजवीज केली. दोघांना झोपाळ्यावर जोडीनं बसवून आबा समोर पाटावर बसले आणि म्हणाले, हं, आता बोला. दोघेही रागावून, चहा न घेता, एकाच टांग्यातून स्टेशनवर गेले. टांग्यात त्यांची मैत्री झाली असं पुढं कळलं. अक्कांचे गुडघे होते तसेच राहिले.

या गुडघ्यांपायी अक्कांची आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, बुडत होती. खानदेशाबाहेरच्या वाचकाला आखाजी बुडणं म्हणजे काय ते सांगणं कठीण आहे. दिवाळीला लेक माहेरी नाही आली तर लोक कारण विचारतात; आखाजीला नाही आली तर कारण विचारत नाहीत, गप्प होतात. त्या दिवसांत सासरी गेलेल्या साऱ्या बायका, अगदी नातवंडं झालेल्यासुद्धा, आपापल्या गावी जाऊन निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसतात आणि चार दिवस कोणाच्याही सुना नसतात. अक्कांचं माहेर नरडाण्याच्या पुढं तापीच्या बाजूला होतं. आगगाडीचा डबा जमिनीपासून उंच आणि पुढचा छकडाही उंच. तीन वर्षं त्यांचा भाऊ दगाभाऊ आखाजीच्या आधी न्यायला येत होता. नरडाण्याला छकडा सोडून गाडीनं धरणगावला यायचा, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस जेवायचा, बहिणीला "चाल ना वं," असं एकदा म्हणायचा आणि एकटाच परत जायचा. अक्का त्याला पोचवायला ओट्याच्या कडेपर्यंत जात. ओट्याला तीन पायऱ्या होत्या. त्या उतरत नसत.

तिसऱ्या वर्षी दगाभाऊ गेला त्या दुपारी आबा जेवायला बसले ते पुरणपोळीचा तुकडा हातात धरून थांबले आणि म्हणाले, "मोटार लेसूत." पुढच्या आखाजीला अक्कांना माहेरी पोचवायचंच, त्यासाठी मोटार. बाकी बोलणं झालं नाही. अक्का म्हणाल्या की मोटार लागते कशाला, मी काय कलेक्टरीण आहे? पण पोळी वाढताना त्यांनी तूप जरा जास्त घातलं, असं आबांचा मुलगा वसंता नंतर मला सांगत होता.

वसंता पुण्याला कॉलेजात दोन वर्षं राहून आला होता. पदवी तिकडेच राहिली, पण मोटारींविषयीचं ज्ञान तो बरोबर घेऊन आला होता. त्यानं लगेच जळगावच्या एका वकिलांची अमेरिकन मोटार सुचवली. लढाईनंतर आलेली, वापरलेली पण चकचकीत, वकिलांना आणखी नवी हवी म्हणून विकाऊ. त्याच आठवड्यात धुळ्याचे मोटारींचे दलाल फिदाभाई दुसरी खबर घेऊन आले. पश्चिमेकडच्या एका लहान संस्थानची जुनी विलायती मोटार आग्रा रोडवरच्या त्यांच्या शेडमध्ये उभी होती. संस्थान विलीन झालं, राजेसाहेब मुंबईला राहायला गेले, हत्ती देवस्थानाला दिला; मोटार तेवढी विलीन व्हायची राहिली होती. तिला फिदाभाई 'राणीसाहेब' म्हणत. वसंता तिला 'कढई' म्हणाला, तेही न बघता.

कोणीही माणूस अशा वेळी एक दिवस जळगावला गेला असता आणि एक दिवस धुळ्याला. आबा म्हणाले, दोन्ही इथं आणा. वकिलांनी कळवलं की मोटार ही काही वांगं नव्हे. फिदाभाईंनी सांगितलं की राणीसाहेब इतका प्रवास करत नाहीत. आबा म्हणाले, मग राहू द्या. आठ दिवसांत दोघंही कबूल झाले, कारण खानदेशात त्या वर्षी जुनी मोटार घेणारे लोक विकणाऱ्यांपेक्षा कमी होते आणि त्यातला पैसा असलेला हा एकच होता.

रविवारी सकाळी जीनच्या आवारात दोन्ही मोटारी उत्तरेच्या उजेडात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि निम्मं धरणगाव भिंतीवर बसलं. अमेरिकन मोटार हिरवट निळ्या रंगाची, बसकी, रुंद, आणि तोंडाला इतकं चकचकीत लोखंड की निवडून आलेला माणूस हसतो तशी ती सारखी हसत होती. आत रेडिओ होता. राणीसाहेब काळ्या, उंच आणि ताठ, टांग्याला कोणी टोप चढवावा तशा. बाजूनं लांब फळी, आत फुलदाणी, खिडक्यांना रेशमाचे पडदे होते त्यांच्या दांड्या. दारावर राजचिन्ह होतं. त्यात सिंह आहे असं फिदाभाई म्हणत. मला तो पोट बिघडलेला लांडगा वाटला. ड्रायव्हर आणि मालक यांच्यामध्ये काच होती आणि मालकाला ड्रायव्हरशी बोलण्यासाठी एक नळी बसवलेली होती, म्हणजे हुकूम जाईल पण श्वास लागणार नाही.

वसंतानं अमेरिकनच्या बाजूनं भाषण केलं. किल्ली फिरवली की चालू होते, गिअर चाकाच्या दांड्यालाच आहे, चार गावं गेली तरी पाणी मागत नाही. फिदाभाई म्हणाले, पाणी न मागणारी मोटार आणि चहा न मागणारा पाहुणा, दोघांवर भरवसा ठेवू नये. राणीसाहेबांच्या पाठीमागे मात्र त्यांनी एक माणूस पाण्याचे दोन डबे घेऊन उभा ठेवला होता. हँडल मारून मारून त्यांचा ड्रायव्हर गफूर घामाघूम झाला, तेव्हा कुठं त्या एकदा खोकल्या आणि चालू झाल्या. भिंतीवरच्या मंडळींनी टाळ्या दिल्या.

आबांनी इंजिनाकडं बघितलंही नाही. ते दोन्ही मोटारींभोवती एकदा फिरले, मग अमेरिकनच्या मागच्या गादीवर वाकले आणि शिवण उसवली होती तिथं बोट घालून आतला पुंजका ओढून काढला. वसंतानं डोळे मिटले. आबांनी तो चिमटीत धरून ताणला, तार तुटली. "ही रुई नही. गिरणीना कचरा शे," ते म्हणाले. मग राणीसाहेबांच्या गादीतून तसंच काढलं. ते ताणलं तर ताणतच गेलं. आबांचा चेहरा उजळला, मग शंकेनं झाकोळला. फिदाभाई अभिमानानं म्हणाले, "घोड्याचे केस आहेत, आबा. विलायती घोड्याचे." आबांनी तो केस उन्हात धरून बराच वेळ बघितला आणि तो घोडाही विकायला आहे का, असं विचारलं.

पण गादीत काय आहे यावर त्यांनी निकाल दिला नाही. ते दोन्हींत बसले. अमेरिकनमध्ये ते कमरेपर्यंत बुडाले. राणीसाहेबांत ताठ बसावं लागलं. मग ते बाहेर आले, हात झटकले आणि म्हणाले, "जळगाववाली." कारण विचारायचं नसे, पण या वेळी त्यांनी आपण होऊन सांगितलं: मऊ आहे, गुडघ्यांना बरी. वसंतानं माझ्याकडं बघितलं ते परीक्षेत पास झाल्यासारखं. मी मनातल्या मनात निकालाला दुजोरा दिला. त्या आवारात उभ्या असलेल्या शंभर-सव्वाशे पुरुषांपैकी कोणालाही त्यात काही चूक दिसली नाही.

अमेरिकन मोटार घरी आणली. अक्कांना बसवून बघायचं होतं. आधी वसंतानं ती ओट्याला अगदी लावून उभी केली, तर तिचं दार उघडेना. दाराची खालची कड ओट्याच्या दगडाला अडत होती. ती गल्लीच्या मध्यात घेतली. शेजारच्या दोन बायकांच्या खांद्यांवर भार टाकून अक्का, तीन वर्षांत पहिल्यांदा, त्या तीन पायऱ्या उतरल्या. कसं उतरल्या ते मी लिहीत नाही. मोटारीचं छप्पर खाली, गादी त्याहून खाली. डोकं वाकवावं तर गुडघे वाकत नव्हते, गुडघे वाकवावे तर डोकं आपटत होतं. शेवटी त्या पाठमोऱ्या आत पडल्या आणि गादीत अशा रुतल्या की पाय बाहेरच राहिले. वसंतानं ते उचलून आत ठेवले. अक्कांच्या कपाळावर घाम आला होता. सगळे विचारू लागले, कशी आहे? त्या म्हणाल्या, "चांगली शे. मऊ शे." मग त्यांना बाहेर काढायला चार जणी लागल्या आणि एकीनं हसू दाबलं ते सगळ्यांना ऐकू आलं.

त्या परत ओट्यावर जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आबा खाली मान घालून पायातल्या जोड्याकडं बघत होते. तेवढ्यात फिदाभाई जेवायला आले, त्यांची काळी मोटार गल्लीत शिरली. गफूरला सावली हवी होती, म्हणून त्यानं ती ओट्याला घासून उभी केली आणि आत उकाडा साठू नये म्हणून मागचं दार उघडून ठेवलं. ते दार ओट्याच्या दगडावरून अलगद फिरलं. अक्का ते बघत होत्या. मोटारीच्या आतली जमीन आणि ओटा एका रेषेत होते. मधे बाजूच्या फळीएवढं अंतर, बस.

"वसंता, पाट आन," अक्का म्हणाल्या. वसंतानं लांब पाट आणून मधे टाकला. अक्कांनी पदर सावरला, दाराच्या मुठीला धरलं आणि माजघरातून स्वयंपाकघरात जावं तशा चालत मोटारीत गेल्या. चढल्या नाहीत, वाकल्या नाहीत. ताठ गादीवर ताठ बसल्या. मग खिडकीतून आबांकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही दोन गाड्या जोडेजोडे ठेव्या. बसनारीले कोनी ठेवं का जोडे?"

बसणारीला कोणी शेजारी ठेवलं होतं का? आबांनी वर बघितलं, ओट्याकडं, मोटारीकडं, पुन्हा ओट्याकडं. कापसाच्या पारखीत इतकी वर्षं गेलेल्या माणसाला आपण चुकीचा नमुना शेजारी ठेवला होता हे उमगायला जेवढा वेळ लागावा तेवढा लागला. मग ते फिदाभाईंना म्हणाले, "हाई." ही.

वसंता रुसून बसला. कढईत बसून गावात फिरायला तो तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ती मोटार तेल पीत असे, पाणी पीत असे, आणि ब्रेक लावल्यावर विचार करून थांबत असे. तिच्या मापाचं टायर फक्त फिदाभाईंकडं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. गफूरलाही आबांनी मोटारीबरोबरच ठेवून घेतलं, कारण हँडल कसं मारायचं हे दुसऱ्या कोणाला कळेना. वर्षभर आबांनी मोटार फारशी बाहेर काढली नाही. आखाजीला लागेल तेवढी ती शिल्लक राहायला हवी, असा त्यांचा हिशेब.

आखाजीच्या आधी आबांनी ओट्याची उंची एका दोरीनं मोजली, तिला गाठ मारली आणि ती दोरी नरडाण्याकडच्या एका माणसाबरोबर दगाभाऊला पाठवून दिली. निघायच्या दिवशी पहाट फुटताना गल्ली जागी होती. वसंता रुसवा सोडून आला नव्हता. पण मधे टाकायची फळी त्यानं स्वतः तासून आणली होती, पायाला कुसळ लागू नये म्हणून, आणि ती कशी ठेवायची हे गफूरला बजावत होता. मी बरोबर चाललो होतो. वाटेत मोटार बिघडली तर तिच्याबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचायला मास्तर हवा, असं आबांचं मत होतं. पुस्तक मी वाचलं होतं. त्यात पहिल्या पानावर लिहिलं होतं की काम जाणकाराकडून करून घ्यावं.

मी पुढं गफूरजवळ, आबा आणि अक्का मागं काचेआड. त्या दोघांना वाटत होतं की आपलं बोलणं आपल्यातच राहतंय. पण ती नळी उघडी होती आणि तिचं तोंड माझ्या कानाशी होतं. अमळनेरपर्यंत दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होती. लग्नाला पस्तीसेक वर्षं झालेली माणसं. चार भिंतींत एकत्र बसायची सवय होती, चार चाकांवर नव्हती. अमळनेर गेल्यावर नळीतून आबांचा आवाज आला, "वसंतनी माय, गादी कशी शे?"

मग अक्का म्हणाल्या, "दुसरी दखाडा, मंग बोलसू."

गफूरनं माझ्याकडं बघितलं. नळीतून आबांचं हसणं येत होतं. ते हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

राणीसाहेबांनी वाटेतल्या प्रत्येक विहिरीचं पाणी चाखलं. गावोगाव पोरं धावत येत आणि राजा उना, राजा उना, म्हणजे राजा आला, असं ओरडत. आबा खिडकीपासून मागं सरकून बसत. बेटावदच्या पुढं पांझरेच्या कोरड्या पात्रात उतरलो आणि वाळूत मोटारीची मागची चाकं रुतली ती रुतलीच. गफूरनं सगळं करून बघितलं. ऊन चढू लागलं होतं. अक्का आत ताठ बसलेल्या. उतरायला तिथं ओटा नव्हता. आबा वाळूत उभे राहून पलीकडच्या काठाकडं बघत होते. त्यांचा चेहरा मी नीट बघितला नाही, पण चौथ्या वर्षीही पोचवता येत नाही असं ज्याला दिसतं त्याचा तो असणार.

पलीकडच्या काठावर निंबाखाली एक छकडा सोडलेला होता. त्याच्याजवळचा माणूस उठला, बैल घेऊन वाळू तुडवत आला. दगाभाऊ. त्याचा मोटारीवर विश्वास नव्हता, म्हणून तो आदल्या दिवसापासून नदीवर येऊन बसला होता. त्यानं मोटारीला वळसा घातला, पुढं दोर बांधला, जू अडकवलं आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "मी म्हंतं ना, आखाजीले बहीणले मन्हाच बैल लई जातीन." तीन वर्षं जे बैल रिकामा छकडा ओढत परत गेले होते त्यांनी ती संस्थानची मोटार वाळूतून ओढून काढली. वर आल्यावर गफूरनं हँडल मारलं, पण इंजिनानं उत्तर दिलं नाही. तशीच बैलांनी ओढत गावापर्यंत नेली. नरडाण्याच्या पुढं एका म्हाताऱ्यानं बांधावरून विचारलं की हे काय. दगाभाऊ चालता चालता म्हणाला, राजाचं राज्य गेलं, आता तो असाच येतो. म्हाताऱ्यानं हात जोडले.

दगाभाऊच्या घरासमोर निंबाखाली दगडमातीचा नवा कोरा ओटा होता, दोरीच्या गाठीएवढा उंच. दोरीबरोबर फक्त 'एवढा ओटा' असा निरोप होता; तो कशाला हवा हे आबांनी कळवलं नव्हतं आणि दगाभाऊनं विचारलं नव्हतं. दोरीच्या मापानं बांधला होता, इतकंच. फळी टाकली. अक्का चालत बाहेर आल्या. झोका त्याच निंबाला होता, ओट्याच्या कडेला लागून. त्यांच्याएवढ्या दोघीतिघी तिथं आधीच आलेल्या होत्या; एकीनं झोका धरला, अक्का बसल्या, आणि दुसरीनं तो लांब ढकलला. झोक्यावर गुडघे दुखत नाहीत हे डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं आणि वैद्यांनीही. आबा मोटारीच्या सावलीत उभे होते. बायकांची गाणी सुरू झाली तशी ते जावई असल्याचं आठवून पाठ फिरवून उभे राहिले, पण गेले नाहीत.

अक्कांना अशा तीन आखाज्या मिळाल्या. चौथीच्या आधीच्या थंडीत त्या गेल्या. गुडघ्यांनी नव्हे, ताप आला आणि दोन दिवसांत संपलं. त्या सुमाराला माझी बदली जळगावला झाली होती. मी भेटायला गेलो तेव्हा वसंतानं एक अमेरिकन मोटार घेतलेली होती, ती गल्लीच्या मध्यात उभी होती. राणीसाहेब जीनच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांआड होत्या. कोंबड्या फळीवर बसत आणि दारावरच्या लांडग्यावर शिटत. लग्नाच्या वरातींना भाड्यानं द्यायला कोणीतरी ती विकत मागत होता. आबांनी त्याला हो किंवा नाही काहीच सांगितलं नव्हतं. सिंहाचं काय झालं ते बघा, एवढंच म्हणाले होते.

आबा ओट्याच्या कडेला बसले होते, जिथं फळी टाकत तिथं. मी शेजारी बसलो. वसंताच्या बायकोनं चहा आणून दिला. चहात साखर कमी होती. मी सवयीनं भिंतीकडं बघितलं आणि आबांचं ते वाक्य येणार म्हणून थांबलो. ते आलं, पण पुढं आणखी काही होतं.

"माले एकच दखाडी व्हती, मास्तर." मग कपातला घोट संपवून, ओट्याच्या दगडावर हात ठेवून ते म्हणाले, "दोन दखाडत्या, त मी पारखतच बसतू. तवर ती दुसराना घर चालनी जाती."